आधी वही, मग कॅमेरा

प्रश्न : आम्ही मिरज-सांगली भागातले पंधरा-वीस हौशी छायाचित्रकार आहोत. कोणी शिक्षक, कोणी बँकेत, दोघं-तिघं लग्नाच्या ऑर्डरी घेणारे. दरवर्षी वारी, गडकोट, पावसातला आंबा घाट यांचे फोटो काढतो आणि प्रदर्शन भरवतो. यंदा मनात आलं की आपल्या काळातला देश कसा जगतोय, याची एक नोंद सगळ्यांनी मिळून वर्षभरात उभी करावी. पण सुरुवात कुठून करायची? विषय कसे वाटून घ्यायचे? लोकांची परवानगी कशी घ्यायची? फोटोंवर हक्क कोणाचा? आणि शेवटी हे सगळं ठेवायचं कुठे?

उत्तर : जरूर करा, आणि यंदाच करा. तुमच्या पाचही प्रश्नांकडे मी येतो. पण त्यांच्याही आधीचा एक प्रश्न तुमच्या पत्रात नाही : आपल्याला नेमकं काय जाणून घ्यायचं आहे? त्याचं उत्तर मिळालं की विषयांची वाटणी फारशी अवघड राहत नाही. ते न मिळता कॅमेरे बाहेर काढले, तर वर्षाअखेरीस तुमच्याकडे हजारो चांगले फोटो असतील आणि त्यांतून कोणाला काहीच कळणार नाही.

अशा कामाचं सगळ्यात मोठं आणि सगळ्यात नीट जपलेलं उदाहरण अमेरिकेतलं आहे. १९३५ साली मंदीने आणि दुष्काळाने तिथला शेतकरी देशोधडीला लागला होता. रूझवेल्ट सरकारने त्याच्या पुनर्वसनासाठी एक खातं उघडलं, पुढे त्याचं नाव ‘फार्म सिक्युरिटी ॲडमिनिस्ट्रेशन’ झालं. या खात्यात छायाचित्रांचा एक छोटा विभाग होता. त्याचा प्रमुख रॉय स्ट्रायकर हा छायाचित्रकार नव्हता, तो कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकवायचा. वॉकर इव्हान्स, डोरोथिया लँग, आर्थर रॉथस्टीन, रसेल ली, मॅरियन पोस्ट वॉलकॉट, पुढे गॉर्डन पार्क्स अशी मंडळी त्याच्या हाताखाली काम करून गेली. सरकारला हवे होते मदतीच्या योजनांचे फोटो. स्ट्रायकरने ते दिले आणि त्यांच्या जोडीने सगळ्या देशाच्या राहणीमानाची नोंद करून घेतली. १९४४ मध्ये हा साठा लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे गेला. युद्धकाळातल्या फोटोंसह त्यात सुमारे १,७५,००० कृष्णधवल निगेटिव्ह आहेत, आणि आज ते कोणालाही घरबसल्या पाहता येतात.

हे साधलं कसं, हे समजायला एक प्रसंग पुरेसा आहे. कार्ल मायडन्स हा तरुण छायाचित्रकार दक्षिणेतल्या कापसाचे फोटो काढायला निघाला होता, सगळी तयारी झाली होती. निरोप घ्यायला आला तेव्हा स्ट्रायकरने त्याला विचारलं, कापसाबद्दल तुला काय ठाऊक आहे? फारसं काही नाही, असं उत्तर आलं. स्ट्रायकरने त्याची तिकिटं रद्द करायला लावली आणि दोघं बोलायला बसले. दुपारचं जेवण झालं, रात्रीचं झालं, तरी बोलणं चालूच होतं : पीक म्हणून कापूस, धंदा म्हणून कापूस, त्याने जमिनीचं काय केलं, माणसांचं काय केलं. त्यानंतर मायडन्स निघाला. त्याचा कॅमेरा तोच होता, पण शेताच्या बांधावर उभं राहून काय शोधायचं हे आता त्याला ठाऊक होतं.

स्ट्रायकर प्रत्येकाला प्रश्नांची लेखी यादी देत असे. १९३६ मध्ये समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट लिंड यांच्याशी झालेल्या चर्चेनंतर त्याने लहान गावांसाठी अशी यादी तयार केली. तिचा आशय साधारण असा : लोक संध्याकाळी काय करतात, आणि मिळकत बदलली की संध्याकाळ कशी बदलते? माणसं एकमेकांना भेटतात कुठे? पुरुषांना भेटायला जितक्या जागा आहेत, तितक्या बायकांना आहेत का? घराच्या भिंतींवर काय लावलेलं असतं, आणि त्यावरून त्या घराची ऐपत आणि आवड कळते का? मला ही यादी फार मोलाची वाटते. यात ‘गरिबी दाखवा’ किंवा ‘देशाची प्रगती दाखवा’ असं कुठेही नाही. सगळे प्रश्न डोळ्यांनी शोधता येतील असे आहेत, आणि उत्तर आधीपासून कोणालाच ठाऊक नाही.

तुम्हालाही अशी यादी करावी लागेल. त्यासाठी देशभर फिरायची गरज नाही. तुमच्या जिल्ह्यातच किती देश आहे ते पाहा. विटा, खानापूर, आटपाडीकडची कितीतरी घरं पिढ्यानपिढ्या गलाईच्या धंद्यात आहेत. सोनं-चांदी गाळण्याची त्यांची दुकानं देशाच्या कानाकोपऱ्यात आहेत. जत्रेला, दिवाळीला ही माणसं गावी येतात तेव्हा मुलं आपसात कोणत्या भाषेत बोलतात? बंद घराची किल्ली वर्षभर कोणाकडे असते? कुपवाडच्या एमआयडीसीत पाळीवर येणारे परप्रांतीय कामगार कुठे राहतात, स्वयंपाक कोण करतं, घरी पैसे कसे पाठवतात? सांगलीच्या हळदीच्या आणि तासगावच्या बेदाण्याच्या सौद्यांत बोली कोण लावतं, माल कोण उचलतं, आणि त्या आवारात बायका कोणत्या कामावर दिसतात? जतच्या पूर्व भागात म्हैसाळ योजनेचं पाणी जिथे पोहोचलं आणि जिथे पोहोचलं नाही, त्या दोन गावांतल्या दोन घरांची न्हाणीघरं शेजारी शेजारी ठेवली तर काय दिसेल? अभ्यासिकेत दिवसाचे दहा-बारा तास बसून स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा मुलगा दुपारी जेवतो कुठे? रेशन दुकानातल्या यंत्रावर ज्या म्हातारीचा अंगठा उमटत नाही, तिचं पुढे काय होतं?

२०१६ च्या एप्रिलमध्ये तुमच्याच मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे गेली होती. त्या गाडीचे फोटो देशभर छापून आले. मला त्याच्या जोडीला लातूरच्या एखाद्या गल्लीत नळ कोरडा असताना घरोघरी पाणी कोणकोणत्या भांड्यांत साठवलं होतं, त्या बॅरलची, कळशांची, तेलाच्या रिकाम्या डब्यांची ओळीने काढलेली छायाचित्रं पाहायची आहेत. घटनेकडे कॅमेरे धावतातच. तुमच्या गटाचं काम जिथे कोणी धावत नाही तिथलं आहे.

विषय वाटताना ‘तू शेती, तू उद्योग, तू शिक्षण’ अशी खाती वाटू नका. त्यातून सरकारी कॅलेंडर तयार होतं. प्रत्येकाला दोन-तीन प्रश्न द्या आणि एक जागा द्या, जिथे तो वर्षभर पुन्हा पुन्हा जाईल. ज्याची जिथे ऊठबस आहे, ते त्याच्याकडे. शिक्षकाला शाळेच्या स्वयंपाकघरात कोणी नवखा समजत नाही. लग्नाचे फोटो काढणाऱ्यांना तर मी या कामातले सगळ्यात महत्त्वाचे लोक मानतो, कारण घरातल्या आतल्या खोलीपर्यंत त्यांना आज मोकळा प्रवेश आहे. आणि गटात बायका किती आहेत, ते तुम्ही लिहिलेलं नाही. नसतील तर आधी त्यांना घ्या. बायकांच्या भेटीच्या जागा कुठे आहेत, हा प्रश्न पुरुष छायाचित्रकाराला अर्ध्यावर सोडावा लागतो. १९९० च्या दशकात चीनच्या युन्नान प्रांतात कॅरोलिन वँग आणि मेरी ॲन बरिस यांनी खेड्यातल्या बायकांच्याच हाती कॅमेरे दिले, त्यांनी काढलेल्या फोटोंवर त्यांनाच बोलतं केलं आणि ते अधिकाऱ्यांपुढे ठेवलं. पुढे जगभर ही रीत ‘फोटोव्हॉइस’ या नावाने रुजली. बचत गटातल्या दोन-तीन जणींना असं सामील करून घेणं तुम्हाला सहज शक्य आहे. फोन त्यांच्याकडे आहेतच.

एका दिवसात सगळा देश टिपण्याची पद्धतही आहे. ६ मार्च १९८१ रोजी शंभर छायाचित्रकार ऑस्ट्रेलियाभर पसरले, चोवीस तासांत फोटो काढले आणि त्याचं पुस्तक झालं. ते इतकं गाजलं की पुढे अनेक देशांची तशी पुस्तकं निघाली. त्यात उत्साह खूप असतो, एखाद्या रविवारी सरावासाठी तुम्हीही करून पाहा. मुख्य काम मात्र वर्षाचंच ठेवा. ऊसतोडीच्या टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमाराला येतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. त्यांची रिकामी झालेली पालाची जागा जून महिन्यातच दिसेल.

आता माझ्या दृष्टीने जे सगळ्यात महत्त्वाचं, त्याकडे येतो : फोटोखालची नोंद.

मार्च १९३६ मध्ये डोरोथिया लँग कॅलिफोर्नियात निपोमो नावाच्या जागी वाटाणा तोडणाऱ्या मजुरांच्या तळावर थांबली. थंडीने पीक करपलं होतं, काम नव्हतं. एका तंबूत एक बाई मुलांना घेऊन बसली होती. लँग जवळ जवळ सरकत गेली आणि तिने काही फोटो काढले. त्यांतला शेवटचा जगातल्या सगळ्यात प्रसिद्ध छायाचित्रांपैकी एक झाला : मळकट कपड्यातली आई, गालाला लावलेली बोटं, दोन्ही खांद्यांवर तोंड लपवलेली दोन मुलं. तो ‘मायग्रंट मदर’ म्हणून ओळखला जातो. पण लँगने त्या बाईचं नाव विचारलं नव्हतं, तसं तिने स्वतःच पुढे लिहिलं. फोटोखाली आलं ते एवढंच की वाटाणा तोडणारे निष्कांचन मजूर, सात मुलांची आई, वय बत्तीस. मोटारीचे टायर विकून त्यांनी अन्न आणलं होतं, असंही लँगने सांगितलं होतं. फोटो वर्तमानपत्रात आला, सरकारने त्या तळावर अन्न पाठवलं, तोवर हे कुटुंब पुढे निघून गेलं होतं.

त्या बाईचं नाव जगाला कळायला १९७८ उजाडलं. फ्लोरेन्स ओवेन्स थॉम्पसन. ती चेरोकी या मूळ अमेरिकी जमातीच्या वंशाची होती, हेही त्या नोंदीत कुठे नव्हतं. तिने सांगितलं की या फोटोतून आपल्याला एक पैसाही मिळाला नाही. टायर विकल्याची गोष्ट तिच्या घरच्यांनी साफ नाकारली. जवळपास चाळीस वर्षं तिचा चेहरा वर्तमानपत्रांपासून पाठ्यपुस्तकांपर्यंत सगळीकडे होता, आणि त्याखाली तिची म्हणून जी हकिगत सांगितली जात होती, ती तिला कोणी विचारलेलीच नव्हती. मला लँगच्या कामाविषयी अतिशय आदर आहे. इतरत्र तिने मजुरांचे शब्द जसेच्या तसे वहीत उतरवून घेतले आहेत, आणि या खात्यातल्या उत्तम नोंदींत तिच्या नोंदी येतात. त्या एका दिवशी एक प्रश्न राहून गेला, त्याची किंमत मात्र त्या बाईने आयुष्यभर मोजली.

याच्या शेजारी गॉर्डन पार्क्सचं १९४२ चं काम ठेवून पाहा. स्ट्रायकरच्या विभागात नुकताच आलेला हा कृष्णवर्णीय तरुण वॉशिंग्टनमधल्या भेदभावाने संतापलेला होता. स्ट्रायकरने त्याला त्याच इमारतीत रात्री साफसफाई करणाऱ्या एका बाईशी बोलायला सांगितलं. तिचं नाव एला वॉटसन. पार्क्सने आधी तिची हकिगत ऐकली आणि मग तिला झाडू-पोतेऱ्यासह राष्ट्रध्वजापुढे उभं केलं. तो फोटो गाजला. पण पार्क्स तिथे थांबला नाही. पुढचे काही आठवडे तो तिच्या घरी, तिच्या चर्चमध्ये, तिच्या गल्लीतल्या दुकानात जात राहिला. त्या फोटोंच्या नोंदींत तिचं नाव आहे, नातवंडं आहेत, दत्तक मुलगी आहे, आणि वर्षाला १,०८० डॉलर पगारावर ती सहा जणांचं घर चालवते हा आकडाही आहे. आज कोणी त्या काळातल्या सफाई कामगाराच्या संसाराचा अभ्यास करायचं म्हटलं, तर हे फोटो पुरावा म्हणून वापरता येतात.

म्हणून प्रत्येकाच्या खिशात वही हवी, आणि नोंद त्याच दिवशी पुरी झाली पाहिजे. समजा, वाळव्याच्या बाजूला एका फडात पहाटे तुम्ही ऊस तोडणाऱ्या जोडप्याचा फोटो काढलात. खाली ‘ऊसतोड मजूर, सांगली जिल्हा’ एवढंच लिहिलं, तर वीस वर्षांनी तो कोणत्याही फडातल्या कोणत्याही जोडप्याचा फोटो ठरेल. तारीख, वेळ आणि शिवाराचं नाव लिहा. दोघांची हरकत नसेल तर नावं, आणि मूळ गाव तालुक्यासकट. टोळीत किती कोयते आहेत (नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, हे पन्नास वर्षांनी वाचणाऱ्याला ठाऊक असेलच असं नाही, तेही लिहा). मुकादमाकडून उचल किती घेतली, ती फिटायला किती टन तोडावा लागेल, हा हिशेब त्यांच्या तोंडून जसा आला तसा. गाडी बैलांची की ट्रॅक्टर. मुलं इथे पालावर आहेत की गावी आजीपाशी, आणि शाळेचं काय. शेवटी एक ओळ : फोटोत जे दिसत नाही पण तिथे होतं, ते काय होतं?

आपल्याकडे याचा आदर्श आहेच. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, त्या गाणाऱ्या बाईच्या नावानिशी आणि गावानिशी. ‘लोकपरंपरा’ असं एकच मोठं नाव देऊन त्यांनी बायकांना त्याखाली झाकलं नाही. २०१४ मध्ये पी. साईनाथ यांनी सुरू केलेल्या ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहात आज त्या ओव्या ऐकता येतात. त्याच संग्रहात देशाच्या प्रत्येक जिल्ह्यातले चेहरे टिपण्याचा एक उपक्रमही चालू आहे, आणि तिथेही चेहऱ्याबरोबर नाव, गाव आणि काम दिलेलं असतं. १८६८ ते १८७५ या काळात इंग्रज सरकारने ‘द पीपल ऑफ इंडिया’ नावाचे आठ खंड काढले. त्यांत शेकडो छायाचित्रं आहेत, पण बहुतेक माणसं जातीजमातीचे नमुने म्हणून उभी आहेत. दीडशे वर्षांपूर्वी ज्यांची आपल्या माणसांकडे बघायची ही तऱ्हा होती, ते परके राज्यकर्ते होते. आपण आपल्याच जिल्ह्यातल्या माणसाच्या फोटोखाली ‘धनगर’, ‘वृद्धा’, ‘कामगार’ एवढंच लिहून पुढे जाऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

परवानगीचा प्रश्न यातूनच सुटत जातो. नाव विचारलं, वहीत लिहिलं, काय करतोय ते सांगितलं, की परवानगीचं बोलणं निम्मं झालेलं असतं. तरीही अर्ध्या पानाचा सोप्या मराठीतला कागद ठेवा : आम्ही कोण, फोटो कुठे कुठे दाखवला जाईल, विकला जाईल का, नको वाटला तर कोणाला फोन करायचा. वाचता न येणाऱ्याला तो वाचून दाखवा आणि त्याचा होकार फोनवर रेकॉर्ड करा. लहान मुलांच्या बाबतीत पालकांचा होकार घ्याच. बालगृहातली किंवा एखाद्या प्रकरणात अडकलेली मुलं, तसंच लैंगिक अत्याचाराच्या पीडित, यांची ओळख उघड करायला कायद्याने मनाई आहे, तिथे चर्चेचा प्रश्नच नाही. उचल, कर्ज, मालकाविरुद्धची तक्रार असं काही नोंदीत असेल, तर ते छापल्याने त्या माणसाचं काम जाईल का, हा विचार फोटो निवडताना पुन्हा करा. अशी नोंद संग्रहात ठेवता येते आणि काही वर्षं बंद ठेवता येते. आणि प्रत्येकाला फोटोची छापील प्रत नेऊन द्या. त्या निमित्ताने दुसरी भेट होते, आणि खरी माहिती बहुधा दुसऱ्या भेटीत मिळते.

हक्काचा मुद्दा थोडक्यात. भारतीय कॉपीराइट कायद्यानुसार, हौसेने फोटो काढणाऱ्याचा हक्क त्याचाच असतो. पण कोणी मोबदला देऊन फोटो काढून घेतला, तर वेगळा करार नसल्यास हक्क पैसे देणाऱ्याकडे जातो. उद्या एखाद्या देणगीदाराने तुम्हाला पैसे दिले तर हा मुद्दा नक्की उभा राहील. म्हणून पहिल्या महिन्यातच लेखी ठरवा : हक्क ज्याचा त्याचा, गटाला प्रदर्शन, पुस्तक आणि संग्रहासाठी वापरायची परवानगी, फोटोबरोबर छायाचित्रकाराचं नाव सक्तीचं. परवानगीची मुदत आणि प्रदेश स्पष्ट लिहा. हक्क लिहून देताना मुदत लिहिली नाही तर कायदा ती पाच वर्षंच धरतो, आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. एखाद्या वकील मित्राकडून दोन पानांचा मसुदा करून घ्या. मैत्रीत कागद कशाला, असं कोणी म्हणेल. मैत्री टिकावी म्हणूनच तो हवा.

पैशांबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, तरी सांगतो. फ्रान्सच्या संस्कृती मंत्रालयाने २०२१ मध्ये, करोनातून जाणाऱ्या आपल्या देशाची नोंद करण्यासाठी, राष्ट्रीय ग्रंथालयामार्फत २०० छायाचित्रकारांना काम दिलं. प्रत्येकाला २२,००० युरो मिळाले, कामं ग्रंथालयाच्या संग्रहात गेली आणि २०२४ मध्ये पॅरिसला मोठं प्रदर्शन झालं. तुमच्याकडे असा निधी नाही, पण त्यातला विचार घ्या. पेट्रोल, एसटीचं भाडं आणि छपाई यांचा खर्च सामाईक वर्गणीतून करा, म्हणजे ज्याची ऐपत कमी तो मागे पडणार नाही. नाहीतर नवे कॅमेरे आणि गाड्या असलेल्या चौघांनी पाहिलेला देश तेवढा शिल्लक राहतो.

निवडीच्या वेळी भांडणं होतील, होऊ द्यात. दर महिन्याला बसा, फोटो भिंतीवर लावा आणि ते मूळ प्रश्नाशेजारी ठेवून बोला. ‘छान आलाय’ हे निवडीचं कारण धरू नका. दोन गोष्टी मात्र पक्क्या ठरवून टाका. एक, काही हलवायचं नाही, मांडायचं नाही. १९३६ साली रॉथस्टीनने दक्षिण डकोटात गुराची वाळलेली कवटी काही फुटांवर सरकवून वेगवेगळ्या जागी तिचे फोटो काढले. निवडणुकीचं वर्ष होतं, विरोधी वर्तमानपत्रांनी ते उचलून धरलं आणि दुष्काळ खरा असूनही सगळ्या खात्याच्या खरेपणावर शंका घेतली गेली. कोणाला उभं करून फोटो काढलात, जसा पार्क्सने काढला, तर नोंदीत तसं लिहा. दुसरी गोष्ट, नापसंत फोटो पुसायचे नाहीत. स्ट्रायकर न आवडलेल्या निगेटिव्हला पंचने भोक पाडायचा. इव्हान्ससारख्यांच्या कितीतरी निगेटिव्हवरून काढलेल्या फोटोंत आज ते भोक काळं वर्तुळ म्हणून दिसतं, आणि ज्या गोष्टी त्याला तेव्हा निरुपयोगी वाटल्या, त्याच आज अभ्यासकांना हव्या असतात.

ठेवायचं कुठे, हा तुमचा शेवटचा प्रश्न. व्हॉट्सॲपच्या गटात तर नाहीच. तिथे फोटो म्हणून पाठवलेली फाइल लहान होते आणि तिच्यात दडलेली तारीख-वेळेची माहिती पुसली जाते. फाइलच्या नावात तारीख, तालुका, छायाचित्रकाराची आद्याक्षरं आणि क्रमांक एवढं असू द्या, वहीतली नोंद फाइलच्या मेटाडेटातही भरा, आणि सगळ्या नोंदींचा एक साधा तक्ता वेगळा ठेवा. रॉ स्वरूपातले हजार फोटो साधारण पंचवीस-तीस जीबी जागा घेतात, म्हणजे वर्षाचं काम दोन-तीन हार्ड डिस्कवर आरामात मावेल. तीन प्रती करा, त्यांतली एक दुसऱ्या गावात. २०१९ च्या पुरात कृष्णेचं पाणी सांगलीत कुठवर आलं होतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. निवडक दोनशे-तीनशे फोटो चांगल्या कागदावर छापून, मागे पेन्सिलीने नोंद लिहून ठेवा. डिस्क बंद पडली तरी कागद राहतो.

पण डिस्क कोणाच्या तरी कपाटात राहिली, तर तो माणूस असेपर्यंतच संग्रह. अमेरिकेतला साठा वाचला, कारण पॉल व्हँडरबिल्ट नावाच्या माणसाने तो प्रदेशवार आणि विषयवार लावला आणि एका मोठ्या ग्रंथालयाने तो स्वीकारला. तुमच्या भागात शंभर वर्षं ओलांडलेली सार्वजनिक ग्रंथालयं आहेत, विद्यापीठ आहे, महाविद्यालयांचे इतिहास विभाग आहेत. त्यांपैकी एकाला आत्ताच, एकही फोटो काढायच्या आधी पत्र लिहा : वर्षाअखेरीस आम्ही एवढा संग्रह देऊ, तो कोणालाही विनामूल्य पाहता यावा, बंद ठेवायच्या नोंदींची यादी वेगळी असेल, दर पाच वर्षांनी डिस्क बदलण्याची जबाबदारी अमुक पदावरच्या माणसाची. त्यांचा लेखी होकार आला की कामालाही एक शिस्त येते, कारण आता कोणीतरी वाट पाहत असतं.

पत्राचा मसुदा आणि प्रश्नांची यादी, दोन्ही पहिल्याच बैठकीत घ्या. यादी झाली की मला पाठवा. गलाईवाल्यांच्या बंद घरांचा प्रश्न मात्र तिच्यात असायलाच हवा.